मुलांचा लठ्ठपणा रक्तातूनच येतो का, आणि येत असेल तर हृदयाचे काय?

सांजवात (धागाकर्ती)

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याची उंची १३६ सेंटिमीटर आणि वजन ४६ किलो आहे. शाळेतील वार्षिक आरोग्य तपासणीनंतर त्याच्या कार्डावर 'स्थूल' असा शेरा आला आणि घरात दोन तट पडले. सासूबाईंचे म्हणणे असे की आमच्या घराण्याची हाडेच जाड, याचे वडीलही या वयात असेच होते, वयात आला की उंची वाढून अंग आपोआप झडेल. माझ्या बहिणीच्या मते सगळा दोष मोबाइलचा आणि बिस्किटांचा. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात, कारण माझी तेरा वर्षांची मुलगी याच घरात जेवते, तीच बिस्किटे खाते आणि तरीही काटकुळी आहे.

माझ्या काळजीचे खरे कारण मात्र निराळे आहे. माझे सासरे सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. यजमानांना पस्तिशीतच रक्तदाबाची गोळी सुरू झाली. म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारते. मुलांच्या वजनात आनुवंशिकतेचा वाटा खरोखर किती असतो, आणि लाळेचा नमुना घेऊन 'लठ्ठपणाची जनुके' तपासून देणाऱ्या ज्या खासगी चाचण्या हल्ली निघाल्या आहेत, त्यांपैकी एखादी करून घ्यावी का? दुसरा प्रश्न असा की हृदयाच्या दृष्टीने या वयात नेमके काय तपासायचे असते?

आहाराचे तक्ते कृपया देऊ नयेत. ते वहीभर जमले आहेत.

चहाबाज

'हाडेच जाड' हे निदान आमच्या घरात तीन पिढ्यांपासून चालत आले आहे. भावाचा पाय मोडला तेव्हा एक्स-रे काढला, तर हाडे चारचौघांसारखीच निघाली. जाडी सगळी हाडांच्या बाहेर होती. आईने तो एक्स-रे अजूनही मान्य केलेला नाही.

धागा वाचतो आहे.

रोखठोक

ताई, राग मानू नका, परंतु आनुवंशिकता हे आपल्या समाजाला सापडलेले नवे निमित्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये देशात २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. चार-पाच वर्षांत कोणाची जनुके बदलतात? बदलले ते खाणे, खेळणे आणि झोपणे. आमच्या पिढीतही हीच घराणी होती आणि हीच हाडे होती, पण वर्गात जाड मुलगा एखादाच असे.

गुणसूत्र

रोखठोक यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी याच विषयाच्या जवळपास काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आनुवंशिकतेचा वाटा मोजण्याचा जुना मार्ग म्हणजे जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यास. डेन्मार्कमधील दत्तक व्यक्तींचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढ वयातील दत्तकांची शरीरयष्टी जन्मदात्या आईवडिलांशी जुळली. ज्यांनी वाढवले त्यांच्याशी तिचा संबंध दिसला नाही. ब्रिटनमध्ये आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्या मुलांचा अभ्यास २००८ मध्ये आला, आणि त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) व कंबरेचा घेर या दोन्हींमधील फरकांपैकी सुमारे ७७ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. तुमच्या मुलाच्या ४६ किलोंपैकी पस्तीस किलो जनुकांनी दिले, असा त्याचा अर्थ नाही. एकाच काळात, साधारण सारख्याच परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांमध्ये एक जाड आणि एक बारीक का होतो, या फरकाचा तो हिशेब आहे. सगळ्यांचीच परिस्थिती बदलली आणि सगळेच थोडे जाड झाले, तर ती वाढ या आकड्यात दिसतच नाही. म्हणून '७७ टक्के आनुवंशिक' आणि 'चार वर्षांत प्रमाण वाढले' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

याचा एक बोलका पुरावा अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासात आहे. एफटीओ नावाच्या जनुकाचा लठ्ठपणाशी असलेला संबंध २००७ मध्ये उघड झाला. युरोपीय वंशाच्या ज्या १६ टक्के प्रौढांना या जनुकाची जोखमीची प्रत आई आणि वडील अशा दोघांकडून मिळाली होती, त्यांचे वजन अशी एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त होते, आणि हा फरक सातव्या वर्षापासूनच दिसत होता. पुढे २०१४ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या माहितीत जन्मसालानुसार शोध घेतला, तेव्हा असे दिसले की १९४२ पूर्वी जन्मलेल्यांमध्ये या जनुकाचा वजनाशी जवळजवळ संबंधच नव्हता; तो नंतर जन्मलेल्यांत दिसला. जनुक तेच होते, पण त्याला हात दाखवायची संधी देणारे दिवस नंतर आले.

हे जनुक काय करते याचाही अंदाज आहे. स्कॉटलंडमधील शाळकरी मुलांच्या अभ्यासात ही प्रत असलेली मुले कमी ऊर्जा खर्च करत नव्हती. ताटातील अन्नाचे वजनही इतरांएवढेच होते, मात्र ती अधिक ऊर्जेचे पदार्थ निवडत होती. म्हणजे 'याची पचनशक्तीच मंद' ही समजूत निदान या जनुकाला लागू पडत नाही. आज वजनाशी संबंधित असे शेकडो जनुकीय बदल माहीत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे काम मेंदूत, भूक आणि तृप्ती यांच्या केंद्रांत चालते. सांजवात ताई, तुमच्या दोन मुलांना एकाच आईवडिलांकडून या बदलांचे निरनिराळे वाटे मिळाले आहेत. एकाला तिसरे बिस्कीट नकोसे होते, दुसऱ्याला पाचवे बिस्कीटही हवेसे वाटते. यात चारित्र्याचा प्रश्न नाही.

रोखठोक

गुणसूत्र यांचे लिखाण आवडले, पण ते माझ्याच बाजूचे आहे! १९४२ पूर्वी त्या जनुकाचे काही चालत नव्हते, याचा अर्थ परिस्थिती सुधारली की त्याचे पुन्हा काही चालणार नाही. मैदानावर पळवा मुलाला, एफटीओ गप्प बसेल.

गुणसूत्र

इतके सरळ नाही. शारीरिक हालचालीने एफटीओचा परिणाम कमी होतो का, हे २०११ मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढ आणि सुमारे एकोणीस हजार मुलांच्या एकत्रित माहितीवरून तपासले गेले. सक्रिय प्रौढांमध्ये तो परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला. मुलांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. मुलांनी खेळू नये असे मी म्हणत नाही. खेळण्याचे हृदयाला, स्नायूंना आणि रक्तातील साखरेला होणारे फायदे वजनकाट्यावर अवलंबून नाहीत. पण 'पळवला की बारीक होईल' असे वचन देऊन मुलाला पळवले आणि तो बारीक झाला नाही, तर पळणेही सुटते.

अबोली

वरचे शेवटचे वाक्य आमच्या घरात तंतोतंत घडले. माझी मुलगी वजनामुळे पोहायला जाऊ लागली, तिला पोहणे आवडू लागले, पण काटा हलला नाही. मग एका नातेवाइकांनी लग्नाच्या पंगतीत सर्वांसमोर "एवढे पोहूनही?" असे विचारले. त्यानंतर तिने तलावावर जाण्याचे नाव काढले नाही.

रोखठोक, तुम्ही 'निमित्त' म्हणता, पण आनुवंशिकतेचे बोलणे ऐकल्यावर माझ्या मुलीच्या तोंडावर मला पहिल्यांदा हायसे वाटल्याचे दिसले. हे आपल्या आळसामुळे झालेले नाही, असे तिला कोणीतरी सांगितले होते. दोष उतरला की मूल प्रयत्न सोडून देते, हा मोठ्यांचा समज आहे. मी उलटे पाहिले आहे.

देवराई

चर्चा सगळी वजनाभोवती फिरते आहे, म्हणून एक बाजू मांडते, जी पुण्याच्या आसपासच्या गावांतच उघड झाली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातील सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांमधील गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तर तिकडची ३.५ किलोंची होती. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती, पोट आणि स्नायू तर फारच लहान; परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने जवळपास टिकून होती. बारीक दिसणारे, पण आतून चरबी जास्त असलेले भारतीय बाळ ही कल्पना जगभर गेली ती इथून.

मोठेपणीही हेच चित्र राहते. डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. जास्त चरबी कोणाची, हे सांगायला नको.

हे सांगण्याचे कारण असे की 'काटकुळी आहे' म्हणून सांजवात ताई मुलीबाबत निश्चिंत दिसल्या. आपल्याकडे काटकुळे असणे हा हृदयाचा दाखला नव्हे.

मोरपंखी

देवराई, माहिती महत्त्वाची आहे, पण याचा शेवट कुठे होतो ते पाहा. बीजाचा दोष नसेल तर गर्भाचा, म्हणजे पुन्हा आईचाच. माझ्या मुलाचे वजन वाढले तेव्हा गरोदरपणी मी काय खाल्ले याची चौकशी माझ्या सासरी झाली. मुलाच्या वडिलांनी त्या काळात काय खाल्ले, हे कोणी विचारले नाही.

देवराई

तुमचा संताप योग्य आहे. त्याच अभ्यासात दोन-तृतीयांशाहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. गावातल्या बहुतेक बायकांच्या रक्तात एखादे जीवनसत्त्व कमी असेल, तर तो त्या बाईचा हलगर्जीपणा कसा? पिढ्यान्‌पिढ्यांचे दूधदुभत्याचे अल्प प्रमाण, सगळ्यांच्या शेवटी जेवण्याची रीत, या गोष्टी तिने निवडलेल्या नसतात.

गुणसूत्र

मोरपंखी यांच्या मुद्द्याला एक जोड. जन्मवजन केवळ गर्भाशयावर अवलंबून नसते. बाळाची स्वतःची जनुके, म्हणजे अर्धी वडिलांकडून आलेली, तिथेही काम करत असतात. एडीसीवाय५ हे जनुक त्याचे एक उदाहरण. त्यातील एका बदलामुळे जन्मवजन थोडे कमी होते आणि त्याच बदलामुळे मोठेपणी टाइप-२ मधुमेहाची जोखीम वाढते. गर्भातील इन्सुलिन हेच वाढीचे मोठे साधन असल्यामुळे, इन्सुलिनचे काम जन्मतः जरा कच्चे असेल तर बाळ लहान जन्मते आणि पुढे साखरही वाढते. पुढच्या वेळी सासरी चौकशी झाली तर हे सांगावे.

चहाबाज

सासरी एडीसीवाय५ म्हटले की "कुठल्या पोथीत आहे?" असे विचारतील. तरी सांगून पाहावे.

अटलांटिकपार

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी आमच्या मुलीचा बीएमआय अमेरिकी तक्त्यावर मांडून 'सर्वसाधारण' ठरवला होता. भारतात सुट्टीत असताना तिथल्या डॉक्टरांनी भारतीय तक्त्यावर मांडला आणि ती 'जास्त वजन' या रेषेच्या वर गेली. मूल एकच, आठवडा एकच. यातले खरे कोणते धरायचे?

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाचे निदान करणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट कराव्यात असे वाटते.

अटलांटिकपार, आपल्या मुलांसाठी भारतीय तक्ता धरावा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांसाठी जे तक्ते स्वीकारले, त्यांत जास्त वजनाची रेषा प्रौढांच्या २३ बीएमआयला आणि लठ्ठपणाची रेषा २७ ला जुळेल अशी आखली आहे. जागतिक मोजमापात हेच आकडे २५ आणि ३० असतात. रेषा खाली घेण्याचे कारण देवराई यांनी सांगितलेच आहे. घरच्या घरी करण्यासारखे सर्वांत सोपे मोजमाप म्हणजे कंबरेचा घेर, जो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १३६ सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी ही मर्यादा ६८ सेंटिमीटर होते.

आता जनुकीय चाचणी. लठ्ठ मुलांपैकी फार थोड्यांमध्ये एकाच जनुकातील बिघाड हे कारण असते, आणि ती मुले वेगळी ओळखू येतात. वजन पाचव्या वर्षाच्या आधीच भरमसाट वाढलेले असते, भूक कशानेच शमत नाही, रात्री उठून अन्न शोधले जाते, कधी बौद्धिक विकास मागे असतो, कधी दृष्टीचे किंवा बोटांचे दोष असतात. प्राडर-विली या विकारात तर बाळ आधी इतके मलूल असते की त्याला दूधही ओढता येत नाही, आणि खादाडपणा काही वर्षांनी सुरू होतो. अशा मुलांची तपासणी आनुवंशिकता तज्ज्ञांमार्फत जरूर करावी, कारण काही बिघाडांवर आता नेमके उपचार आहेत. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन भावंडांचे वर्णन केले. नात्याने ती चुलत-मावस होती. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो होते. त्यांच्या शरीरात लेप्टिन हे तृप्तीचा निरोप देणारे संप्रेरक बनतच नव्हते. पुढे लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर त्या मुलीचे वजन वर्षभरात सुमारे सोळा किलोंनी उतरले. हट्टी, खादाड म्हटल्या गेलेल्या मुलीची भूक एका संप्रेरकाने माणसांत आणली.

एक खूण पालकांच्या हातातली आहे. नुसत्या जास्त खाण्याने लठ्ठ झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते. वजन वाढते आहे आणि उंची मात्र खुंटली आहे, असे दिसले तर थायरॉइड व इतर संप्रेरके पाहावी लागतात. दुसरी खूण मानेवर दिसते. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा काळपटपणा आला की आई त्याला मळ समजून डाळीच्या पिठाने घासत राहते. तो मळ नसतो. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती निशाणी असते, आणि घासून मुलाची मान सोलवटते एवढेच.

रोखठोक

डॉक्टर, मग लाळेची चाचणी करू नये, असे सरळ का लिहीत नाही?

बालवैद्य

करू नये. सरळ लिहिले.

गुणसूत्र

डॉक्टरांच्या दोन शब्दांना कारण जोडतो. त्या चाचण्या दोन प्रकारच्या असतात. काही मूठभर जनुके पाहतात, ज्यांतून फारसे काही कळत नाही. काही हजारो-लाखो बदलांची बेरीज करून एक गुणांक देतात. असा एक गुणांक २०१९ मध्ये एकवीस लाख बदलांवरून बनवला गेला. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांकाच्या दशांश गटांत जन्मवेळी जेमतेम फरक होता, पण अठराव्या वर्षी तो सुमारे बारा किलोंचा झाला. हे लक्षवेधी असले तरी गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर उभा आहे, आणि आपल्या मुलांसाठी त्याचा अंदाज ढिला पडतो. शिवाय मूल नऊ वर्षांचे आणि ४६ किलोंचे असताना, त्याचा वजनाकडे कल आहे का, हे लाळेला विचारण्यात काय अर्थ?

मला अधिक महत्त्वाची वाटते ती एक वेगळी गोष्ट. लठ्ठपणाची जनुके आणि हृदयविकाराची जनुके एकच नव्हेत. एमसी४आर या जनुकातील बिघाड हे एकाच जनुकामुळे होणाऱ्या लठ्ठपणाचे सर्वांत सामान्य कारण आहे. ब्रिस्टलमध्ये वाढलेल्या मुलांच्या अभ्यासात दर हजारी सुमारे तिघांत तो सापडला, आणि अठराव्या वर्षी त्यांचे वजन इतरांपेक्षा सरासरी सतरा-अठरा किलोंनी जास्त होते. आता गंमत पाहा. तेवढ्याच लठ्ठ असलेल्या इतर लोकांच्या तुलनेत या लोकांमध्ये उच्च रक्तदाब बराच कमी आढळतो, असे २००९ मध्ये दिसून आले. रक्तदाब वाढवणारी मज्जासंस्था ज्या मार्गाने वजनाचा निरोप ऐकते, तो मार्गच त्यांच्यात अर्धवट बंद असतो. म्हणजे वजन वाढले की रक्तदाब वाढणारच, ही साखळीसुद्धा जनुकांच्या परवानगीने चालते.

ताम्हण

गुणसूत्र यांनी म्हटलेली उलट बाजू आमच्या घरात आहे. माझे वडील अंगाने किडकिडीत होते, सायकलवर कामाला जायचे, बाहेरचे खात नसत, आणि बेचाळिसाव्या वर्षी गेले. माझे एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे 'वाईट' कोलेस्टेरॉल तपासले तेव्हा ते २४० निघाले. माझा मुलगा त्या वेळी आठ वर्षांचा होता, वर्गातला सर्वांत बारीक. त्याचे २१५ आले. याला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरॉलेमिया म्हणतात. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो, आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. यकृताला रक्तातले एलडीएल पुरेसे उचलता येत नाही, त्यामुळे जन्मापासूनच धमन्यांवर थर बसू लागतो. खाण्यापिण्याने आकडा थोडा उतरतो, पुरेसा उतरत नाही. मुलाला डॉक्टरांनी दहाव्या वर्षी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू केले आणि तो आता छान क्रिकेट खेळतो.

आमच्या नात्यात कोणी जाड नसल्यामुळे हृदयाचा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता.

निवृत्त_गुरुजी

मी वैद्यकातला नाही, सातारा जिल्ह्यात शिक्षक होतो. एक शंका विचारतो. शाळेच्या कार्डावर 'स्थूल' असा शेरा मिळाला की पालक धावतात. मात्र ज्या सडपातळ मुलाचे आजोबा चाळिशीत गेले, त्याच्या कार्डावर काहीच लिहिले जात नाही. आजोबांचे वय विचारणारा रकाना त्या कार्डावर का नसावा? आमच्या काळी दाखल्यावर कुळ, मूळ सगळे लिहून घेत असत, फक्त उपयोगाचे तेवढे राहून गेले.

बालवैद्य

गुरुजी, हा रकाना खरोखर हवा. पुरुष नातेवाइकाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्री नातेवाइकाला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ते कुटुंब जोखमीचे मानतात, आणि त्यात आजीआजोबा, काका, मामा, आत्या, मावशी हे सगळे येतात.

सांजवात ताई, आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही सासऱ्यांचा झटका आणि मुलाचे वजन एकाच सुतात ओवले आहे. ते कदाचित तसे असेल, कदाचित नसेल. या दोन गोष्टी मुलांपर्यंत निरनिराळ्या वाटांनी येऊ शकतात. लठ्ठपणामुळे रक्तातील चरबी बिघडते तेव्हा सहसा ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते आणि एचडीएल हे 'चांगले' कोलेस्टेरॉल उतरते. ताम्हण यांच्या घरी दिसला त्या प्रकारात एलडीएल एकटेच उंच असते आणि अंगावर काहीच दिसत नाही. म्हणून माझा सल्ला असा की मुलाबरोबर मुलीचीही लिपिड, म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी करावी, आणि खरे तर सर्वांत आधी यजमानांची. त्यांचा आकडा पाहिल्यावर पुढचे बरेच कळते.

मुलांची तपासणी नऊ ते अकरा या वयात करण्याचा संकेत आहे, कारण वयात येताना कोलेस्टेरॉल काही काळ दहा-वीस टक्क्यांनी उतरते आणि दिशाभूल होते. तुमची मुलगी नेमकी त्या टप्प्यावर आहे, त्यामुळे तिचा आकडा काठावर आला तर सतराव्या वर्षानंतर पुन्हा पाहावा. मुलासाठी याशिवाय रक्तदाब, साखर आणि यकृताची एक चाचणी पुरेशी आहे. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट यांची गरज नाही. कोणी 'हार्ट पॅकेज' म्हणून देऊ केल्यास नम्रपणे नकार द्यावा.

अबोली

डॉक्टर, माझ्या मुलीच्या वतीने विचारते. लहानपणी लठ्ठ असलेल्या मुलांचे हृदय कायमचे बिघडते का? तिने हे कुठेतरी वाचले आहे आणि तेव्हापासून ती धास्तावली आहे.

बालवैद्य

नाही. तिला हे जरूर दाखवा. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलिया येथील चार दीर्घ अभ्यासांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती २०११ मध्ये एकत्र केली गेली. लहानपणापासून सरासरी तेवीस वर्षे त्यांचा मागोवा घेतलेला होता. लहानपणी लठ्ठ असून मोठेपणी लठ्ठ न राहिलेल्यांमध्ये मधुमेह, उच्च रक्तदाब, बिघडलेली चरबी आणि मानेच्या धमनीची जाडी यांची जोखीम, कधीच लठ्ठ नसलेल्यांइतकीच निघाली. मुलांच्या धमन्यांत चरबीच्या रेषा दिसतात हे अमेरिकेतील बोगालुसा येथील अभ्यासाने दाखवले, ते खरेच आहे. पण त्या वयातले बदल बऱ्याच अंशी मागे फिरू शकतात. आणि तलावावर तिने परत जावे, काटा हलो वा न हलो.

रोखठोक

माझे मत अजूनही हेच आहे की बिस्किटे घरात आणणारा मोठा माणूस असतो. जनुके दुकानात जात नाहीत.

मोरपंखी

रोखठोक, या वाक्यात 'मोठा माणूस' असे लिहिलेत, 'आई' असे लिहिले नाहीत, याची नोंद घेतली आहे.

सांजवात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लाळेच्या चाचणीचा विचार सोडला आहे. मुलाची कंबर मोजली, ती ७६ सेंटिमीटर भरली, म्हणजे काम करावे लागणार हे नक्की. त्याची मान स्वच्छ आहे आणि उंची वर्गातल्या मुलांपेक्षा जास्तच आहे. सर्वांत मोठा धक्का असा की यजमान इतकी वर्षे रक्तदाबाची गोळी घेत आहेत, पण त्यांचे कोलेस्टेरॉल शेवटचे कधी पाहिले हे त्यांनाही आठवत नाही. येत्या शनिवारी त्यांची आणि दोन्ही मुलांची तपासणी ठरवली आहे. सासूबाईंनी आधी "धडधाकट पोरीला सुई कशाला टोचता" असे म्हटले, पण ताम्हण यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवल्यावर त्या गप्प झाल्या. नंतर त्यांनी स्वतःहून सांगितले की सासऱ्यांचे थोरले बंधूही पन्नाशीच्या आतच गेले होते. हे आजवर मला कोणी सांगितले नव्हते.

उपाशीपोटी रक्त द्यावे लागते का? मुलगा सकाळी उपाशी राहिला की शाळेत रडवेला होतो.

बालवैद्य

थोरल्या बंधूंची माहिती तुमच्या डॉक्टरांना अवश्य सांगा. मुलांच्या पहिल्या लिपिड तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. आकडा जास्त आला तरच उपाशीपोटी पुन्हा करतात. साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी घेतली तर तिलाही उपास लागत नाही.

ताम्हण

रक्तदाबाबाबत एक सूचना. मुलाच्या दंडाला नेमक्या मापाचा पट्टा लावायला सांगा. पट्टा लहान पडला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो, आणि जाड दंडाच्या मुलांच्या बाबतीत हे वारंवार घडते. आतील फुगणाऱ्या पिशवीने दंडाचा निदान ऐंशी टक्के घेर व्यापला पाहिजे. मुलाला आधी पाच मिनिटे शांत बसवा, आणि मोजताना आजींना बाहेर बसवा.

चहाबाज

शेवटची अट पाळली तर यजमानांचाही रक्तदाब उतरेल.